सरांचा एक्स, सरांचा वाय

दहावीला मला गणित आणि शास्त्रात बरे मार्क पडले, एवढ्या एका गुन्ह्यासाठी माझ्या बापाने मला पुसेगावहून उचलून हिंगोलीला आणून टाकलं. घरी शेळ्या-मेंढ्या आणि थोडं कोरडवाहू रान. घरातलं कुणीच सायन्सला गेलेलं नव्हतं, त्यामुळे सायन्स म्हणजे काहीतरी जबरदस्त असणार असा बाचा समज होता. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांच्याच घरी मागची एक खोली रिकामी होती. "सरांच्या डोळ्यासमोर राहील पोरगी," म्हणून बा खूश झाला. खरं म्हणजे दोन वर्षं सरच माझ्या डोळ्यासमोर राहिले.

सर एम.एस्सी. होते. ही बातमी दारावरच्या पाटीवर होती आणि स्कूटरच्या स्टेपनीच्या कव्हरवरही होती. वर्गात ते शिकवत नसत, सांगत असत, आणि आम्ही लिहून घेत असू. त्यांच्या हस्ताक्षरातल्या नोट्स कॉलेजासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळत. कॉलेजाला एक मायक्रोस्कोपही होता, पण तो कपाटात कुलूपबंद असे, कारण बाहेर काढला तर भिंगाला बुरशी लागते असं सरांचं संशोधन होतं. कांद्याच्या मुळाच्या पेशी आम्ही सगळ्यांनी आदल्या वर्षीच्या पोरांच्या जर्नलमध्ये पाहिल्या. फार स्पष्ट दिसल्या.

बारावीला आनुवंशिकतेचा धडा आला. त्या दिवशी सर अंगात आल्यासारखे बोलत होते. डीएनए म्हणजे पिळलेली शिडी. त्या शिडीचे तुकडे म्हणजे जीन, त्यांवर डोळ्यांच्या रंगापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत सगळं लिहिलेलं. माणसात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. त्यातली शेवटची जोडी लिंग ठरवणारी. बाईची एक्स-एक्स, पुरुषाची एक्स-वाय.

"बाईकडून दर वेळी एक्सच जातो," सर फळ्यावर खडू आपटत म्हणाले. "पुरुषाकडून कधी एक्स जातो, कधी वाय. एक्स गेला तर मुलगी, वाय गेला तर मुलगा. मग मुलगा की मुलगी, हे कुणावर ठरतं?"

"पित्यावर!" अख्खा वर्ग ओरडला.

"आणि कधी ठरतं?"

"फलनाच्या क्षणी!"

"नंतर बदलतं का?"

"नाही, सर!"

"खाली रेघ मारा. चार मार्काला हमखास."

आम्ही झेरॉक्सच्या नोट्समध्ये रेघ मारली. पान बावीस.

संध्याकाळी मी खोलीवर आले, तर सरांच्या आई ओसरीवर बसून सरांच्या बायकोला बोलत होत्या. सरांच्या बायकोला मी काकू म्हणायची. काकूंना तीन मुली होत्या, नऊ, सहा आणि तीन वर्षांच्या, आणि आता तिसरा महिना लागला होता.

"हिची कूसच पोरींची," सरांच्या आई मला साक्षीदार करत म्हणाल्या. "माझ्या लेकाचा वंश बुडवायला बसली हाय."

सर तिथेच खुर्चीवर पेपर वाचत होते. मला वाटलं, आता एम.एस्सी. बोलणार. सरांनी पान उलटलं.

पुढच्या रविवारी सरांनी काकूंना स्कूटरवर मागे बसवून कनेरगाव नाक्याकडे नेलं. तिथे ढाब्यांच्या मागे एक बाबा मुलगा होण्याचं औषध द्यायचा. काळ्या गोळ्यांची पुडी आली. सकाळी उपाशी पोटी एक गोळी, एकवीस दिवस, आणि तीही जिला गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, झालाय अशाच गायीच्या दुधातून. कालवड असलेल्या गायीचं दूध चालणार नाही, उलटा परिणाम होईल, असं बाबाने बजावून सांगितलं होतं.

हे सगळं सरांनी मला जर्नल तपासताना असतं तसं गंभीर तोंड करून सांगितलं, कारण दूध आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. "तुझं शेळ्या-मेंढ्यांचं घर. तुला जनावरातलं कळतं."

"सर," मी धीर करून म्हटलं, "पण ते फलनाच्या क्षणीच ठरतं ना? तुम्हीच…"

"थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं," सर म्हणाले.

दोन गल्ल्या सोडून एक गवळी होता. पहिले चार दिवस मी बरोबर गोऱ्ह्याच्या आईचं दूध आणलं. पाचव्या दिवशी गवळ्याने तो गोऱ्हा विकला आणि गाय पान्हा चोरू लागली. उरलेल्या दोन्ही गायींना कालवडी. दुसरा गवळी पार रेल्वे स्टेशनाकडे. सकाळी सातला माझं गणिताचं लेक्चर असायचं. मी कालवडीच्या आईचं दूध घेतलं आणि गप्प बसले. खोटं बोलले, हे खरं. पण पान बावीसवर माझा विश्वास होता, आणि बारावीच्या पोरीला गणिताच्या लेक्चरपेक्षा बाबाची भीती कमी वाटते.

त्याच आठवड्यात एका दुपारी काकू तूर निवडत बसल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी मला हाक मारली.

"काय गं, तुमचे सर वर्गात पोरगा-पोरगीचं काय शिकवतात?"

काकू दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या. दहावीचा निकाल लागायच्या आधी त्यांचं लग्न लागलं होतं. मी सुपातले तुरीचे दोन दाणे त्यांच्यासमोर ठेवले. "हे तुमचे." मग एक तुरीचा दाणा आणि डब्यातून काढलेला एक मूग ठेवला. "हे सरांचे. दोघांनी एकेक दाणा द्यायचा. तूर-तूर जमली तर पोरगी. तूर-मूग जमले तर पोरगा."

काकूंनी दाणे बोटाने जुळवून पाहिले.

"म्हणजे माझ्याकडं मूग न्हाईच?"

"न्हाई."

"मंग मी कुठून आणू?"

काकूंनी तो मूग चिमटीत धरून उजेडात पाहिला. नऊ वर्षांचा हिशोब त्यांच्या तोंडावर दिसत होता. मग त्या म्हणाल्या, "हे सरांनी सोता शिकवलं?"

"व्हय. सोताच्या हातानं लिहिलंय."

"ते पान दे मला."

चौथा महिना लागला तशी घरात वेगळीच कुजबुज सुरू झाली. मोठ्या शहरात एक डॉक्टर आहे म्हणे, तो यंत्रावर बघून सांगतो. पोरगी असली तर पुढची सोयही तिथेच होते. सरांचे मामा यासाठी मुद्दाम गावाहून आले होते. मी ओसरीच्या टोकाला चहाचे कप भरत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"एकदा तपासून घेऊ," सर म्हणाले. "आजकाल सगळे सुशिक्षित लोक करून राहिलेत."

काकू आतून आल्या. हातात पान बावीस. त्यांनी ते मामांच्या हातात दिलं. मामांना वाचता येत होतं, पण चष्मा नव्हता. मग काकूंनी स्वतःच मोठ्याने वाचलं. अडखळत, पण शेवटच्या शब्दापर्यंत. खालची रेघसुद्धा बोटाने दाखवली.

"हे कुणाचं अक्षर हाय?" त्यांनी सरांना विचारलं.

सरांनी चहाचा कप उचलला.

"तपासायचंच असंल तर तुमचं तपासून घ्या. माझ्याकडं तपासण्यासारखं काय न्हाई. माझे दोन्ही सारखेच हायत. मी कुठं येणार न्हाई."

मामांनी सरांकडे पाहिलं. "खरं हाय का रे हे?"

"पुस्तकात आहे तसं," सर म्हणाले. "पण पुस्तकातलं सगळं…"

"पुस्तकातलं खोटं असंल तर पोरान्ला काहून शिकवता?" काकू म्हणाल्या. "पगार कशाचा घेता?"

मामा चहा न पिता उठले. मोठ्या शहराचा विषय तिथेच संपला. सरांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. ते मला अतिशय मानवलं.

फेब्रुवारीत काकूंना चौथी मुलगी झाली. सरांनी वर्गात पेढे वाटले नाहीत आणि कुणी मागितलेही नाहीत. सरांच्या आई मात्र कनेरगाव नाक्याला जाऊन बाबाला जाब विचारून आल्या. बाबा कच्चा नव्हता. औषध कधी हुकत नाही, दुधात खोट असंल, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. मग त्या गवळ्याकडे गेल्या. गवळी बिचारा सरळ माणूस. गोऱ्हा कधीच विकला, पोरीला कालवडवालीचंच दूध देत होतो, असं त्याने सांगून टाकलं.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना मला खोली सोडायला सांगण्यात आलं. गुन्हा होता वंश बुडवणं. बाला निरोप गेला. तो दुसऱ्या दिवशी एसटीने आला, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. सरांच्या आईंनी त्याला ओसरीवर उभं करून सगळी कहाणी ऐकवली. सर बाजूला उभे राहून मान हलवत होते.

बाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, आमच्या घरी शेळी याली आन् पाट झाली, म्हणजे मादी पिल्लू झालं, तर आमी गूळ वाटतो. बोकड काय, कळपाला एक बास होतो. बाकीचे बाजारला न्यावे लागतात."

सरांनी मान हलवणं थांबवलं.

मी वळकटी बांधत होते, तेवढ्यात काकू तान्हीला घेऊन दारात आल्या. बाळंतपणाला बाराच दिवस झाले होते. डोक्याला फडकं बांधलेलं.

"तिला काहून बोलता? तिनं आणलेलं दूध मी चहात टाकून पिलं. गोळ्या मोरीत टाकल्या. एकवीसच्या एकवीस."

"टाकल्या?" सरांच्या आईंचा आवाज चिरकला.

"पहिल्या दिवसापासून. त्या गोळ्यांना घाण वास येत होता. आन् ही पोरगी परीक्षा होईस्तोवर इथंच राहील. तिला जायचं सांगितलं तर मीबी चारी पोरी घेऊन तिच्या बापाच्या एसटीत बसते. त्यांच्याकडं पोरींचा गूळ वाटतात."

बा गोंधळला. एका पोरीला न्यायला आला होता, पाच पोरी आणि एक काकू पदरात पडायची वेळ आली होती. पण त्याने माझी वळकटी उचलून परत खोलीत ठेवली. मी परीक्षा संपेपर्यंत तिथेच राहिले.

सरांनीही आपल्या परीने पान बावीसचा सूड घेतला. उजळणीच्या तासाला त्यांनी जाहीर केलं, "लिंगनिश्चिती ऑप्शनला टाका. यंदा येत नाही." वर्गाने आनंदाने टाकली. पेपरात पहिलाच मोठा प्रश्न तोच आला, आकृतीसह. बाहेर येऊन पोरांनी सरांना ज्या शिव्या दिल्या त्या कोणत्याही नोट्समध्ये नव्हत्या. मी मात्र सहा ओळी जास्तच लिहून आले होते.

सव्वा महिना झाल्यावर काकू माहेरी गेल्या आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून आल्या. सरांना कळलं तेव्हा टाके काढूनही झाले होते. सरांच्या आईंनी चार दिवस अन्न सोडलं, पाचव्या दिवशी थालीपीठ मागितलं.

मी पुढे एम.एस्सी., बी.एड. केलं आणि जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले. तोवर हिंगोलीच स्वतः जिल्हा झाली होती, त्यामुळे कार्यक्रम फार व्हायचे. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत मुली वाचवण्याची मोहीम निघाली होती. अशाच एका कार्यक्रमाला आम्हा शिक्षकांना सक्तीने बसवलं होतं. सत्कारमूर्ती म्हणून व्यासपीठावर कोण, तर आमचे सर. चार मुलींचे आदर्श पिता. शाल, श्रीफळ, फेटा. केस काळे केलेले, खिशात अजूनही तीन पेनं.

दुसऱ्या रांगेत काकू होत्या. मला पाहून त्यांनी शेजारची खुर्ची मोकळी केली. थोरली नांदेडला नर्स झाली होती, दुसरी डी.एड. करत होती, तिसरी सरांचं न ऐकता कॉमर्सला गेली होती. चौथी सातवीत, वर्गात पहिली, आणि भांडणातही पहिली. एवढं सगळं त्यांनी मला सरांचा परिचय वाचून संपेपर्यंत सांगून टाकलं.

सर माईकसमोर आले. "मी विज्ञानाचा माणूस," ते म्हणाले. "मला चार कन्या. पण मुलगा हवा, असा विचार कधी माझ्या मनाला शिवला नाही." टाळ्या पडल्या. "अंधश्रद्धेला माझ्या घरात थारा नाही." अजून टाळ्या. "आणि या सगळ्यात माझ्या पत्नीचं मतपरिवर्तन करणं, हे माझ्यापुढचं सर्वांत मोठं आव्हान होतं."

मी काकूंकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या उठतात. त्यांनी पर्समधून बडीशेप काढली, थोडी माझ्या हातावर ठेवली.

"हे वाक्य नवं हाय," त्या म्हणाल्या. "सकाळी आरशापुढं म्हणत होते, तवा न्हवतं."

मला हसू आवरेना. पुढे बसलेल्या एका साहेबांनी मागे वळून डोळे वटारले. काकूंनी त्यांनाही बडीशेप दिली.