गोठ्यातली अँबॅसेडर

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून. चौथीनंतर हातात पेन आलं ते फक्त सह्या करायला, त्यामुळे ओळी घाट उतरल्यासारख्या खाली खाली जातात. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी कुणाच्या हाती लागलीच तर माफी असावी. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण गाडी सुरू झाली त्या आठवड्याचं कुठेतरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. नुसतं आठवलं तरी भाकरी थापताना हसू येतं, हात हलतो आणि भाकरीला भोक पडतं.

गाडी म्हणजे आमची पांढरी अँबॅसेडर. आमचे हे पूर्वी एका शेठच्या बंगल्यावर ड्रायव्हर होते. शेठने बंगला विकला तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात गाडी यांना देऊन टाकली. मग पाच-सहा वर्षं यांनी कर्जत-खालापुरातल्या कितीतरी नवऱ्या त्या गाडीतून सासरी पोचवल्या. पुढे लोकांना मोठ्या, नव्या गाड्या हव्या झाल्या. एका पावसाळ्याआधी आमची गाडी गोठ्यात, विकलेल्या बैलांच्या जागी लावली, ती अकरा वर्षं हलली नाही. हे कोंडाण्याच्या रस्त्याला एका फार्महाऊसवर वॉचमन झाले, मी तिथेच स्वयंपाकाला. दुसऱ्यांच्या गाड्या आल्या की हे पळत जाऊन गेट उघडायचे आणि गाडी आत गेली तरी तिच्याकडे बघत उभे राहायचे. मी ते खिडकीतून बघायचे. बोलले कधी नाही.

गेल्या उन्हाळ्यात शिळफाट्याचा एक भंगारवाला दारात आला. अठ्ठावीस हजारांना सौदा ठरला. त्याने सहा हजार इसार दिला, येत्या शनिवारी टेंपो आणतो म्हणाला. त्या सहा हजारांचे दोन दिवसांत घरावर पत्रे आले.

आणि सोमवारी फार्महाऊसवर लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं. त्यांच्यासोबत ट्रेलरवर चढवून मुंबईहून एक जुनी गाडी आणली होती. ती नुसती उभीच. नवरा मुलगा गाडी चालवल्यासारखं करायचा आणि चार माणसं मागून ढकलायची. चहा द्यायला गेले तेव्हा फोटोवाला कुरकुरत होता, "या भागात चालती जुनी गाडी मिळाली असती तर महिन्याला दोन-तीन कामं दिली असती."

मी ट्रे तिथेच कट्ट्यावर टेकवला आणि महिन्याची दोन-तीन कामं बोटांवर मोजली. 

त्या दुपारी यांना भात वाढताना मी म्हटलं, "गाडी देऊ नका."

"इसार घेतलाय गं. मोडला तर दुप्पट द्यायला लागतो. ठाऊक हाय ना?"

"हाय."

"बारा हजार. कुठनं आणायचे?"

"इंजिन चालू झालं तर?"

"अगं, अकरा वरसं कोंबड्या अंडी घालतायत तिच्यात. तिला आता चालू केली तर आरवंल." असं म्हणून हे खूप हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तोंडात दात घासायचा ब्रश, आणि दोन्ही हात बॉनेटच्या आत.

मोहोपाड्याला एक म्हातारे मिस्त्री राहतात. कंपनीच्या गाड्या सांभाळून रिटायर झालेले. हे त्यांना बोलावून घेऊन आले. मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली, खिशातून चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "कोंबड्या कुणाच्या?"

"आमच्याच," हे म्हणाले.

"मजुरी दोन कोंबड्या. एक आज."

तर कामाला असं लागलो. पहिला दिवस गाडीतून काय काय काढण्यातच गेला. पेंढा, पिसं, सतरा अंड्यांची टरफलं, आणि माझी हरवलेली उलथनी. इंजिन जाम झालं होतं. मिस्त्रींनी चारही प्लग काढून त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि म्हणाले, "आता मुरू दे. लोणच्यासारखं." दोन दिवस मुरवलं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं तर त्याला रंगाच्या डब्यासारखा वास. नवं पेट्रोल एका कॅनमध्ये भरून कॅन वाशाला टांगला आणि तिथून नळी खाली इंजिनाला लावली. माझी जाऊ शेजारीच राहते. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सलाईन लावलंय जसं काय! एवढी सेवा सासूची नाय केली कुणी."

गुरुवारी पुढच्या भोकात लोखंडी हँडल घालून यांनी जोर लावला. हलेना. मिस्त्रींनी लावला. हलेना. मग दोघांनी मिळून लावला आणि आतून 'खर्र' झालं, आणि हँडल एक फेरा फिरलं. हे जमिनीवर आपटले. तिथेच बसून म्हणाले, "फिरलं गं! फिरलं!" पन्नाशीतला माणूस, कपाळाला ग्रीस, आणि चेहरा जत्रेत पाळण्यात बसलेल्यासारखा.

शुक्रवारी दुपारी ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली. आता एकच दिवस हातात होता. यांनी चावी फिरवली. गाडी खोकली. परत फिरवली, परत खोकली आणि गप्प. मिस्त्रींनी कार्बोरेटर दुसऱ्यांदा खोलला. ठिणगी बघितली, ठिणगी होती. पेट्रोल येत होतं. तीन तास झाले. यांचा चेहरा उतरत गेला.

मिस्त्रींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "काय कळत नाय. श्वास घेतीया, पण सोडत नाय."

ते ऐकलं आणि मला एकदम आठवलं.

गाडी लावली त्या वर्षीच एक उंदीर सायलेन्सरच्या नळीत शिरताना मी बघितला होता. आमच्याकडे भाताच्या कणगीचं तोंड शेण-मातीने लिंपतात, म्हणजे उंदीर-घूस जात नाही. मीही नळीत चिंधी कोंबली, शेण-माती आणि तूस कालवून तिचं तोंड लिंपलं. आणि मग दरवर्षी अंगण सारवून झालं की उरलेला गोळा घेऊन भिंत आणि गाडी यांच्या फटीत वाकून शिरायचे आणि नळीला आणखी एक हात द्यायचे. अकरा वर्षं. वर बोटांनी नक्षीही काढायचे. गाडीची पाठ भिंतीकडे, तिथे दुसरं कोण बघणार?

सांगायचं तर होतं, पण मिस्त्री समोर, हे समोर.  शेवटी जावेला गोठ्याच्या कोपऱ्यात ओढलं आणि तिच्या कानात सांगितलं.

जाऊ मटकन खाली बसली. पदर तोंडात कोंबला, तरी हसू बाहेर. मग उभी राहून गावाला ऐकू जाईल असं ओरडली, "अवो भावजी! हिनं सायलेंसर सारवलाय!"

"काय केलंय?"

"सारवलाय! शेणानं! दर वरसाला!"

 मिस्त्री वाकून मागे गेले, टॉर्च लावून बघितलं आणि तिथूनच त्यांचा आवाज आला, "वहिनी, नक्षी झ्याक हाय."

मग सगळ्यांनी मिळून गाडी ढकलून गोठ्याबाहेर परसात घेतली आणि आडवी केली. सळईने ठोकलं, पाणी ओतलं, पण अकरा थर, आणि आतली चिंधी सिमेंटसारखी. मिस्त्री म्हणाले, "थोडं ढिलं झालंय. ऱ्हायलेलं तीच थुंकंल. मागं कुणी थांबू नका." यांनी चावी फिरवली. गाडी खोकली, थरथरली, आणि मग जो काय बार उडाला! तो गोळा नळीतून सुटला आणि परसातल्या पाण्याच्या निळ्या पिंपावर जाऊन आदळला. पिंप ढोलासारखं घुमलं. पिंपावर बसलेली कोंबडी थेट पत्र्यावर. काळा धूर, आणि त्या धुरातून आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवर भाताच्या तुसाचा पाऊस.

आणि गाडी चालू! धडधड, धडधड. हे आत बसून नुसता हॉर्न दाबत होते, हॉर्न वाजत नव्हता तरी दाबत होते आणि तोंडाने 'पों पों' करत होते. मी हसले. एवढ्या मोठ्याने की शेजारच्या घरातल्या बाया बघायला आल्या, गाडी नाही, मला. मिस्त्री म्हणाले, "दुसरी कोंबडी आणा."

शनिवारी भंगारवाला टेंपो घेऊन आला तेव्हा गाडी अंगणात धुऊन उभी होती, इंजिन चालू. तो खाली उतरला, ऐकत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, चालू झाली ते बरं झालं. पण इसार मोडला तर रीत काय हाय?"

"दुप्पट," हे म्हणाले. एवढंच. आणि माझ्याकडे बघायला लागले. जावेने मला मागून कोपर मारलं.

"बारा हजार देऊ," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "पण चार हप्त्यांत. फोटोवाल्यांची कामं येतील तसे."

भंगारवाला यांच्याकडे वळला. "वहिनी बोलतात व्हय? मला वाटलं मुक्या हायत."

"मलापण तसंच वाटत व्हतं," जाऊ म्हणाली.

त्याने हसत कागदावर चार ओळी लिहिल्या, प्रत्येक ओळीपुढे तीन हजार. मी खाली सही केली. यांच्या आधी.

यांनी फोटोवाल्याला फोन करून गाडी चालू झाल्याचं कळवलं, आणि त्याने शब्द पाळला. पहिल्या जोडप्यातली मुलगी म्हणाली, "काका, गाडीला कसला तरी वास येतो हो." हे गंभीरपणे म्हणाले, "जुन्या गाड्यांना येतोच, ताई." मी आंब्याच्या झाडामागे उभी राहून तोंड दाबत होते. फार्महाऊसच्या मातीच्या वाटेवर हे त्या दोघांना घेऊन जात होते, एक हात खिडकीबाहेर, धूळ उडतेय, आणि गेट उघडायला त्या दिवशी माळी पळत गेला. दुसरं काम आलं, मग तिसरं. पावसात तीन महिने काहीच नाही. दिवाळीनंतर चौथं.

शेवटचा हप्ता मी स्वतः घेऊन गेले. हे म्हणाले, "मी जातो की," मी म्हटलं, "सही माझी हाय." गाडीचं पासिंग बाकी म्हणून तिला मोठ्या रस्त्याला काढता येत नाही, तेव्हा दारात मोटार असून मी सहा सीटर रिक्षात, दोन कोथिंबिरीच्या गोण्यांमध्ये बसून शिळफाट्याला गेले. आणि कुणालाही सांगावंसं वाटत होतं, माझी गाडी आहे, अँबॅसेडर.

भंगारवाला तराजूवर पत्रे चढवत होता. मला बघून म्हणाला, "काय वहिनी, गाडी बंद पडली काय? टेंपो पाठवू?"

"टेंपो तुमच्याकडेच राहू द्या," मी म्हटलं आणि पदराची गाठ सोडली. सहा पाचशेच्या नोटा. त्याने थुंकी लावून मोजल्या, कागद काढला, चौथ्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं, 'पैसे पूर्ण मिळाले.'