साखराची वेणी

महानंदाबाईंविषयी मला फार थोडे माहीत आहे. त्या देवणीकडच्या, लिंगायत, गळ्यात लिंग, आणि नांदेडच्या सरकारी दवाखान्यात समाजसेवेच्या कामावर. घरी त्यांचे कोण होते, हे विचारायचे धाडस मला कधी झाले नाही. परवा त्या गेल्याचे कळले, म्हणून जमेल तसे लिहितो आहे.

माझी बायको साखराबाई मणक्याच्या क्षयाने तिथे कित्येक महिने पाठीवर पडून होती. दुष्काळ होता, नळाला पाणी येईल तेव्हा खरे. केसांच्या जटा झाल्या, उवा पडल्या. सिस्टर कात्री घेऊन आल्या तशी साखरा ओरडली, "मालक जिते असताना मला बोडकी करता?" त्यानंतर तिने ना भाकरीला तोंड लावले, ना गोळीला.

महानंदाबाईंनी सिस्टरांना थांबवले. कुठून तरी बादलीभर पाणी मिळवले, उशाशी बसून केस धुतले आणि दुपारभर जटा सोडवल्या. संध्याकाळी साखरा जेवली. मग वेणी घालायला बाईच येत.

लातूर नवा जिल्हा झाला आणि त्यांची तिकडे बदली झाली. जायच्या आधी त्यांनी फणी माझ्या हातात दिली.

"बाई, हा बायकांचा वार्ड हाय," मी पुटपुटलो.

"मग मालक काय नुसते बघत बसायला आणलेत?"

शेजारच्या खाटेवरची गुरम्मा म्हणाली, "घाला की दाजी! बैलाला कासरा वळता, तसंच हाय."

सगळा वार्ड हसला. साखराही हसली. मी मात्र घामाघूम.

"टोकाकडून सोडवा," बाई म्हणाल्या. "मुळाकडून ओढलं की दुखतं."

पुढे रोज मी मान खाली घालून वेणी घालत होतो. वाकडी व्हायची. साखरा हाताने चाचपून म्हणायची, "असू द्या, चालतंय."

उन्हाळ्यात ती गेली. वेणी सकाळीच घातली होती.

नंतर एकदा लातूरच्या स्टँडवर देवणीच्या गाडीतून कोणी हाक मारली. खिडकीत महानंदाबाई होत्या. गाडी हलली होती.

"अण्णाराव! केस कापू दिले नाहीत ना?"

"नाही, बाई."

"बरं केलंत. धुतले की तेल लावत जा."

"लावतो," मी म्हणालो.