शनिवारचा परिपाठ

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको ओट्यावर चिंचा फोडत बसलो होतो. ती टरफलं काढायची, मी दगडानं चिंचोके पाडायचो. माझ्या हातनं गर भुईला सांडला की ती म्हणायची, "अवो, डोळं कुठंयत तुमचं?" मी म्हणायचो, "तुझ्या तोंडाकडं हायत." हे आमचं नेहमीचंच.

तेवढ्यात शाळेच्या पोरी आल्या, रोजच्यासारख्या ओट्यापाशी थांबल्या. आमचं घर शाळेच्या वाटेवर आहे, घराच्या पुढं पूल. पुलाच्या कठड्यावर टवाळ पोरं बसायची. ह्या पोरींत एक आठवीतली, अडखळत बोलणारी. तिनं तोंड उघडलं की कठड्यावरनं सुरू, "म-म-मॅडम, पा-पा-पाणी!" मधी तिनं शाळाच सोडली होती. बाप म्हणाला, घरीच बसायचं असंल तर स्थळ बघतो.

हेडमास्तरांनी त्या पोरांना छडीनं फोडून काढलं. त्यानं उलटंच झालं, पोरं तिला शाळेबाहेर जास्त गाठायला लागली. मग तिच्या वर्गातल्या पोरींनीच जाऊन सांगितलं, "सर, मारू नका. आमी बघतो." केलं काय, तर तिला घरून आणायला जायला लागल्या. वाटेनं मधोमध घालून आणायच्या. कुणी नक्कल केली की सगळ्या जागच्या जागी थांबायच्या आणि म्हणायच्या, "नीट ऐकू आलं न्हाई रं. परत कर की." परत कर म्हटलं की नक्कल जमत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय. मिसरूड फुटलेला थोराड पोरगा, स्वतःच्या चपलेकडं बघत बसला. त्यांचा दुसरा नियम म्हणजे ती बोलत असली की तिचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं करायचं नाही. किती का वेळ लागंना.

माझ्या बायकोला हे लई आवडलं. एक दिवस ती खराटा घेऊनच पोरींत जाऊन उभी राहिली. पोरी म्हणाल्या, "आजी, खराटा ठेवा. आपल्यात मारायचं नसतंय." तिनं ठेवला. तेव्हापासून रोज त्यांच्यात नुसती उभी राहायची. तिच्याशी बोलताना त्या पोरीची जीभ कमी अडायची. का, ते मला ठाऊक नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते. त्या परिपाठाला ह्या पोरीनं सगळ्या शाळेपुढं गोष्ट सांगायची, असं पोरींनी सरांकडनं ठरवून घेतलं होतं. त्या शुक्रवारी ओट्यापाशी ती म्हणाली, "आ... आजी, तुम्ही समोर दिसला पायजे. न्हाई जमलं तर मी परत शा... शाळंत येणार न्हाई."

बायको म्हणाली, "फाटकापाशी उभी ऱ्हाते. माझ्याकडं बघून बोल. बाकीच्यांना मरू दे."

पोरी हसत गेल्या. त्या वळणाआड झाल्या आणि ही म्हणाली, छातीत कसंतरी होतंय. उमरग्याच्या दवाखान्यात न्यायला जीप आणली. जीपमध्येच गेली, माझ्या मांडीवर. दुपारी लेक सोलापूरहून पोचली आणि दिवस मावळायच्या आत अग्नी दिला. एवढंच. त्याचं जास्त काय लिहायचं?

तिला जिथं निजवली होती तिथं लेकीनं पीठ पसरलं, पणती ठेवली, वर वेताची पाटी झाकली. गेलेल्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणतात. शनिवारी उजाडल्यावर बायकांनी पाटी उचलली. एक म्हणाली चिमणीचं पाऊल हाय, दुसरी म्हणाली गाईचं. मला नुसतं पीठ दिसलं. पण घरात तिच्या बांगड्या वाजत होत्या. बांगड्या तर तिच्यासंगं जळाल्या. चुलीपाशी वाजल्या म्हणून वळलो, तिथं कुणीच नव्हतं.

पोरी शाळेला निघाल्या. सुतकाचं घर, आयांनी बजावलं असणार. रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, माना खाली घालून चालल्या होत्या. ती पोरगी तेवढी थांबली आणि रिकाम्या ओट्याकडं बघत राहिली. बाकीच्यांनी हात धरून नेली.

माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, "अवो, उठा की." तो आवाज तिचा नसंल तर मी ठार बहिरा.

मी टोपी घातली. लेक आडवी आली. "दादा, सुतकात कुठं निघाला? लोक काय म्हणतील?"

"तुझ्या आईनं शब्द दिलाय, शाळंत जातो. लोकांना सांग, म्हातारा बिघडला."

फाटकाच्या आत पाय टाकला नाही, तेवढं सुतक पाळलं. हेडमास्तरांनी आत या म्हणून खूण केली, मी मान हलवली. प्रार्थना झाली. पोरगी पुढं आली. "ए... ए... ए..." तिथंच अडकली. ओळीतनं कुणीतरी खुसखुसलं. हेडमास्तर शब्द सांगायला वाकले, तर तिच्या मैत्रिणीनं त्यांच्यापुढं हात आडवा धरला. हेडमास्तर गप मागं झाले. सगळी शाळा थांबली.

पोरगी फाटकाकडं बघत होती. माझ्याकडं नाही. माझ्या डाव्या अंगाला, जिथं कुणी नव्हतं तिथं.

मी वळून बघितलं नाही. जरा उजवीकडं सरकलो, जागा करून दिली, आणि पोरीची गोष्ट संपेपर्यंत उभा राहिलो.