रविवारच्या बॅकअपमधले सर

"मी इथं नाही. मले नको विचारू."

समोरच्याच खुर्चीत ठिय्या मारून, तळहातावर तळहात घोटत सर हे सांगायचे. हाताला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायची सवय जुनी. खर्रा सुटला होता, पण हात रिकामेच घोटत राहायचे.

धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर खोलीत आम्ही दोघंच होतो. ते प्रमुख, मी नवी. माझे वडील काटोलच्या संत्रा मार्केटात पेट्या उचलतात. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. सरांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. तुले आयतं काही भेटलं नाही. इथंही नाही भेटणार."

पेशंटचे रिपोर्ट, बिलं, औषधं, सगळं एका लिनक्स सर्व्हरवर होतं. दर रविवारी त्याचा पूर्ण बॅकअप घ्यायचा. नुसत्या फाइलींचा नाही, तर अख्ख्या मशीनचा. कोऱ्या मशीनवर उतरवला की तोच सर्व्हर जसाच्या तसा उभा राहिला पाहिजे. याला बेअर मेटल बॅकअप म्हणतात. सरांचं म्हणणं, "सामान हलवलं तर तो फाइलींचा बॅकअप. घरच उचललं, भिंतीतल्या खिळ्यासकट, तर हा."

बॅकअप घेणारे तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. तो परत येतो का, हे पाहणारे किती पाहिले? मोठे डॉक्टर विचारायचे, "बॅकअप आहे ना?" सर म्हणायचे, "घेतला आहे. आहे का नाही, ते पाहून सांगतो." आणि खरंच रिकाम्या मशीनवर उतरवून पाहायचे.

मग त्यांच्या जिभेखालची जखम भरेना. तपासणीत भीती खरी निघाली, कॅन्सरच होता. ऑपरेशननंतर बोलता येईल, असा शब्द कुणी दिला नाही. त्या आठवड्यापासून सरांनी रिकामं मशीन माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः 'इथं नाही' झाले.

मी रविवारचा बॅकअप उतरवला. मशीन सुरू झालं, पण हॉस्पिटलातल्या एकाही कॉम्प्युटरला ते सापडेना.

"सर, नेटवर्कवर दिसूनच नाही राहिलं."

"मी सुटीवर आहो."

"समोर तर बसून आहा."

"दिसून राहिलो का तुले? डोळे तपास. वरच्या मजल्यावर डॉक्टर आहेत."

"तुम्हाला माहीत आहे ना काय झालं ते?"

"मेलेल्या माणसाले काय माहीत राहते?"

"सर, अभद्र नका बोलू."

"सर्व्हर अभद्र-बिभद्र नाही पाहत वं. बसला का बसला."

मला राग आला होता. बोलायचे थोडेच दिवस हातात, आणि हा माणूस तोंड मिटून बसलेला! शेवटी सापडलं. नव्या मशीनचं नेटवर्क कार्ड वेगळं होतं, आणि सेटिंग जुन्याच कार्डाचं नाव शोधत होती. बदलली. लॅबमध्ये रिपोर्ट उघडला.

सर उठले. "चल, चाय पाज."

टपरीवर ते खूप बोलले. स्वतःच्या लग्नात घोडी बिचकली ते, सीताबर्डीत बायकोची, म्हणजे काकूंची, चुकामूक झाली ते. सर्व्हर सोडून सगळं. मी ऐकत राहिले. चहा निवून गेला.

ऑपरेशननंतर मी घरी भेटायला गेले, तेव्हा जीभ अर्धी गेली होती. त्यांनी पंजा आडवा धरला आणि हळूहळू उभा केला. उभा राहतो ना सर्व्हर? मी मान हलवली. ते डोळे मिटून पडून राहिले.

मंगळवारी सर गेले.

रोज सकाळी नोंदींची रोजची प्रत दुसऱ्या मशीनवर नीट निघाली की सर्व्हर त्यांच्या फोनवर तसा मेसेज पाठवायचा. बुधवारी मी तिथे माझा नंबर टाकला. आणि शुक्रवारी सकाळी सर्व्हर खरोखर बसला, डिस्कांसकट. काउंटरवर यवतमाळ-गोंदियाहून आलेली माणसं रिपोर्टसाठी खोळंबलेली. डॉक्टरांनी विचारलं, "आता कोण करणार?" मी म्हटलं, "मी आहे ना." कोरं मशीन घेतलं, त्यावर रविवारचा बॅकअप उतरवला, सेटिंगमधलं नेटवर्क कार्डाचं नाव बदललं. रविवारनंतरच्या पेशंटच्या नोंदी रोजच्या प्रतीतून भरल्या. त्या प्रतीत फक्त नोंदीच असायच्या, सेटिंग नाही. दुपारपर्यंत सर्व्हर उभा राहिला. रडायला वेळ नव्हता.

शनिवारी सकाळी काकूंचा फोन आला. "पोरी, यांच्या फोनवर तुमच्या हॉस्पिटलचा मेसेज आला वं. इंग्रजीत आहे. काय लिहिलं?"

माझ्या लक्षात आलं. सर्व्हर रविवारचा होता. रविवारी सर होते. त्यांचा नंबरही होता.

"सगळं ठीक आहे, एवढंच लिहिलंय, काकू."

"रोज येईन का?"

"हो."

काकू म्हणाल्या, "बंद कर बाई. वाजला का मी उचलून यांच्या पलंगापाशी नेते."

मी नंबर काढला. सेटिंग बदलली की नवा पूर्ण बॅकअप घ्यावा लागतो. घेतला. रिकाम्या मशीनवर उतरवून पाहिला. सगळं जसंच्या तसं उभं राहिलं. सर त्यात नव्हते.