पिंपात काय आहे

भोरमध्ये बेकऱ्या आधीच होत्या, म्हणून मी माझी बेकरी वेल्ह्याच्या रस्त्याला काढायचं ठरवलं. त्या पट्ट्यात पाव यायचा तो टेम्पोनं, पुण्याकडून. टपऱ्यांवर पोचेपर्यंत दुपार व्हायची आणि संध्याकाळी तो चिवट लागायचा. राजगडला आलेली पोरं अर्धा वडापाव टाकून उठताना मी पाहिली होती. लग्नाआधी पुण्यातल्या एका बेकरीत मी काम केलेलं. नवरा कचेरीत नोकरीला, मुलं मोठी झालेली. मग डोक्यात दुसरं काही राहीना.

धंदा काढायचा म्हटल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की प्रत्येक माणूस दुसऱ्यापासून सावध करतो. परवान्याचं काम करून देणारा एजंट म्हणाला, "वायरमनच्या नादी लागू नका." थ्री फेजचं बघायला आलेला वायरमन म्हणाला, "एजंट फिरवत ठेवील तुम्हाला." कापूरहोळला जुना ओव्हन विकणाऱ्यानं दोघांनाही नावं ठेवली आणि वर सांगितलं, "ताई, इथं कुणावर म्हणजे कुणावर विश्वास ठेवायचा नाही." त्याचाही मी ठेवला नाही. ओव्हन त्याच्यासमोर दोन तास तापवून बघितला, मगच घेतला.

विश्वास बसला तो एका माणसावर, गाळ्याच्या मालकावर. मार्गासनीच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचा गाळा होता आणि मागं भातखाचरं. साठी ओलांडलेला, अगदी कमी बोलणारा शेतकरी. मी त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "घ्या. झाडून ठिवलाय." एवढंच. त्या सगळ्या बोलघेवड्यांत हा माणूस मला देवासारखा वाटला.

ओव्हन उतरवत होतो त्याच दिवशी पावाचा टेम्पो गाळ्यासमोर थांबला. चालक खाली उतरला आणि न बोलावताच हात लावू लागला.

"वहिनी, काय काढताय हितं?"

"बेकरी."

"लई भारी! काय लागलं तर हाक मारा. रोज ह्याच रस्त्यानं असतोय."

ज्याच्या पोटावर मी उघड उघड पाय देत होते, तो माणूस एवढा खूश कशानं झाला? मला तिथंच खटकलं. त्यानंतर तो रोज थांबायचा. मैदा कुठला, पाव किती निघतात, कोणत्या टपऱ्या घेतात, सगळं हसत हसत विचारायचा. एकदा मी हापशावरून पाणी घेऊन आले तर हा आत उभा आणि आंबवणाच्या पिंपावरचं ओलं फडकं उचलून वाकून बघतोय.

"वास मस्त येतोय, वहिनी," तो म्हणाला.

आदल्या संध्याकाळी थोडा मैदा, पाणी आणि यीस्ट भिजवून ठेवलं की सकाळी पावाला चव येते. हे मी पुण्यात शिकले होते आणि तेच माझं भांडवल होतं. त्या दिवसापासून मी गाळ्याला कुलूप लावायला लागले. खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. नाचणीची बिस्किटं करायची होती म्हणून गुळाच्या ढेपा आणल्या, त्याही पोत्याखाली झाकून आत नेल्या. त्याला कशाचाच सुगावा लागू द्यायचा नव्हता.

पहिले काही दिवस टपऱ्यांनी पाव हौसेनं घेतला. मग एकेक जण नको म्हणायला लागला. पाव चांगला आहे, पण आज नको. कारण कुणी सांगेना. शेवटी गुंजवण्याच्या फाट्यावर चहा विकणाऱ्या बाईनं इकडं तिकडं बघून सांगितलं, "ताई, टेम्पोवाला म्हनतो, तिचा पाव घ्याल तर खारी-टोस्ट बंद. आन खारीबिगर आमचा चहा कोन पिनार?"

मला वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं. मी ओळखलं होतं ते बरोबर निघालं.

त्यानंतर लगेचच एका सकाळी हवालदार आले. मोटारसायकल लावली, कुलपाकडं पाहिलं, नाक वर करून वास घेतला.

"बाई, कुलूप काढा."

मी काढलं. ते थेट पिंपाशी गेले. आंबवण रात्रीत फुगून वर आलं होतं, त्यावर बुडबुडे फुटत होते.

"पिंपात काय आहे?"

"मैदा, पाणी आणि यीस्ट, साहेब. पावाचं आंबवण."

त्यांनी कोपऱ्यातलं पोतं पायानं बाजूला केलं. "आणि हा गूळ?"

"बिस्किटांना."

"बिस्किटांना कुलूप कशाला? खिडकीला कागद कशाला?"

मला तेव्हा उमगलं की माझ्यावर दारू गाळण्याचा आळ आहे. सांगण्यापेक्षा करून दाखवावं म्हणून हात चालवले. मैदा काढला, आंबवण त्यात घातलं, पीठ मळायला घेतलं. हवालदार दारात खुर्ची टाकून बसले. पीठ फुगेपर्यंत बसले, ओव्हनमधून लादी निघेपर्यंत बसले. बाहेर रस्त्यावर माणसं जमली होती. गरम पाव त्यांनी तोडला, हुंगला, खाल्ला.

"तक्रार आली की यावं लागतं," ते उठताना म्हणाले.

"कुणी केली?"

"ते सांगत नसतात."

मला सांगायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी टेम्पो दिसल्याबरोबर मी रस्त्यात आडवी उभी राहिले. तोंडाला येईल ते बोलले. दोन एसट्या थांबून गेल्या, लोक खिडकीतून बघत होते. तो माणूस स्टेअरिंगवर हात ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "खारी बंद करीन म्हनलो, त्ये खरं हाय. माझं घर ह्याच्यावर चालतंय, वहिनी. पन पोलिसाचं काम म्या केलं न्हाई."

"तुझ्याशिवाय कोण करणार?"

"म्या केलं," मागून आवाज आला.

मामा बांधावर उभे होते. हातात विळा तसाच. मला वाटलं, भांडण मिटवायला म्हणतायत.

"म्या सांगितलं त्यास्नी," ते पुन्हा म्हणाले. "ह्याच गाळ्यात माझ्या धाकट्या भावानं भट्टी लावली हुती. असंच पिंप, असाच गूळ, खिडकीला कागद. वास बी असाच आंबूस. त्यातच गेला त्यो. तुमी कुलूप लावाया लागला तवाच मला त्यो आठवला."

"मामा, मला एकदा विचारायचं होतं हो."

"इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता. त्यो बी न्हाईच म्हनायचा."

टेम्पोवाल्यानं गाडी सुरू केली आणि हळूच निघून गेला. मी आत जाऊन खिडकीचे कागद खरवडून काढले. काचेला खळ घट्ट बसली होती, नखं दुखली. मळायचं टेबल ओढून दारात आणलं, रस्त्यावरून दिसेल असं. पुढचे कितीतरी दिवस मामा सकाळी येऊन उभे राहायचे, पिंपावरचं फडकं स्वतःच्या हातानं उचलायचे, बघायचे आणि खाचराकडं जायचे. मीही त्यांना अडवलं नाही. पण देवासारखा माणूस वगैरे आता मनात येत नव्हतं.

टेम्पोवाल्याशी तह झाला तो प्रेमानं नव्हे. पुण्याचा शिळा पाव टपऱ्या परत करायला लागल्या होत्या, आणि मला वेल्ह्यापर्यंत माल पोचवायला वाहन नव्हतं. आता खारी-टोस्ट त्याचा, पाव माझा, टेम्पो एकच. ट्रे चढवताना तो मोजतो, मग मी मोजते. दोघांनाही त्याचं काही वाटत नाही.

बेकरी चालली आहे. परवा धरणाकडच्या एका गावची बाई आली. जमीन पाण्याखाली गेलेली, गडाच्या पायथ्याला छोटी बेकरी टाकायचा विचार. सोबत पिशवीभर इंद्रायणी तांदूळ आणला होता. मी तिला थ्री फेजचं सांगितलं, परवान्याचं सांगितलं, ओव्हन तापवून बघायला सांगितलं. ती नीट ऐकत होती.

"यीस्ट कुठनं आनता, ताई?"

"पुण्याहून."

"पुन्यात कुठनं?"

मी तिच्या कपात अजून चहा ओतला. तिनं तो सावकाश संपवला. मग माझ्या मागच्या फळीवर रिकामं खोकं होतं, त्यावर छापलेलं दुकानाचं नाव एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

"ह्येच का?"

"हेच," मी म्हणाले.