मांडव्याच्या हेलिपॅडवरचा लाल रुमाल

भुताखेतांच्या अनुभवांचं हे तुमचं सदर मी वाचायचो ते हसायला. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाखालची बाई... बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि दोघं खिदळायचो. मी हेलिकॉप्टर चालवतो. आमच्या धंद्यात समोरच्या मीटरवर विश्वास ठेवायचा असतो, मनाला काय भास होतात त्यावर नाही. तेव्हा कोणी असं समजू नका की मी घाबरून लिहितोय. मी चिडून लिहितोय.

मी मूळचा अलिबाग तालुक्यातला. जुहूहून मांडव्याकडच्या बंगल्यांवर माणसं पोचवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरीला होतो. नाव लिहीत नाही, वकिलाचे पैसे कोण भरणार? मांडव्याच्या जेट्टीपासून थोडं आत आमचं हेलिपॅड. सिमेंटचा चौथरा, त्याला कुंपण, एका अंगाला सुरूची झाडं, दुसऱ्या अंगाला कायम चालू असलेली बंगल्यांची बांधकामं. दामूदादा म्हणून गावातलाच एक माणूस ते सांभाळतो. गुरं हाकलायची आणि तिथली हवा फोनवर कळवायची, हे त्याचं काम.

आता आमच्या किनाऱ्याची एक रीत सांगतो. समुद्र खवळला की बंदरावर धोक्याचा बावटा लागतो. बावटा लागला की लाँच बंद. मग तुम्ही मंत्र्याचे जावई का असेनात, तांडेल लाँच सोडत नाही आणि त्याला कोणी जाबही विचारत नाही. आणि लाँच बंद झाल्या रे झाल्या की आमच्या ऑफिसातले फोन खणखणायला लागतात! म्हणजे ज्या हवेत लाँच जात नाही, नेमकी त्याच हवेत आम्हाला सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं. आमच्यासाठी बावटा कुठे असतो? कागदावर पायलटचा शब्द अंतिम. प्रत्यक्षात दोन-तीनदा 'नाही' म्हणून बघा, ड्यूटी लागायची बंद होते. परत फिरलात तर लेखी खुलासा. ढगात घुसून पोचलात तर पाठीवर थाप.

याला एकच माणूस अपवाद होता. आमचे सीनियर कॅप्टन. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. रेवसचे, घरच्या लाँच होत्या, मला या धंद्यातलं जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं. हवा वाईट असली की गळ्यातला लाल रुमाल काढून हेलिकॉप्टरच्या दाराला बांधायचे आणि चहा मागवायचे. "आज बावटा. कोनाचा बा आला तरी न्हाय!" बाहेर साहेबी इंग्रजी बोलणारा हा माणूस हे वाक्य मात्र गावच्या बोलीतच बोलायचा.

मग नवीन मॅनेजर आला. "कॅप्टन, हे काय मासळीबाजार आहे का? क्लायंट बघतात," म्हणाला. रुमाल बंद झाला. भाऊंचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं, घरी मुलीचं शिक्षण चालू होतं. एका पावसाळी सकाळी मॅनेजरने त्यांना फोन केला तेव्हा मी ऑफिसातच होतो. "दुसरे पायलट जातात, तुम्हालाच कसे ढग दिसतात?" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. भाऊ गेले. ढगात हेलिकॉप्टर डोंगराला धडकलं.

चौकशीत निघालं काय, तर वैमानिकाचा चुकीचा निर्णय. निर्णय! चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या फोनबद्दल मी लेखी दिलं होतं. अहवालात त्याचा एक शब्द नाही. मेलेल्या माणसावर काहीही ढकललं तरी तो उठून भांडायला येत नाही ना...

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. बावटा लागलेला, लाँच बंद. एका शेठची मांडव्याला वास्तुशांती, सोबत त्यांची म्हातारी आई. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मॅनेजरचा फोन. "दामूशी बोललोय मी. पॅड क्लियर आहे, हवा उघडलीय." मी दामूदादाला लावून पाहिला, लागेना. जुहूला बऱ्यापैकी दिसत होतं. निघालो.

अर्ध्या खाडीवर ढग पार खाली उतरले. मी हेडफोनवर सांगितलं, परत फिरतोय. शेठ भडकले. "अरे दस मिनिट का रस्ता है! पिछली बार वो दूसरा पायलट तो ले गया था." त्यांची आई माळ ओढत होती. म्हटलं, एकदा बघतो, पॅड दिसलं नाही तर वळणार. वेग कमी करत खाली घेतलं. सुरूचे शेंडे दिसले न दिसले, आणि मग सगळं पांढरं.

तेवढ्यात शेठ ओरडले. "नीचे कौन खडा है? लाल कपडा दिखा रहा है... दोनों हाथ से! कॅप्टन, वो मना कर रहा है!"

मी खाली पाहिलं. पांढऱ्या ढगाशिवाय काही नव्हतं. आईचा जप चालूच होता, त्यांनाही काही दिसलं नव्हतं.

"वापस लो! मैं बोल रहा हूं, वापस लो!"

मी सरळ वर घेतलं आणि वळलो. जुहूला उतरल्यावर दामूदादाचा फोन लागला.

"साहेब, बरा झाला आलात न्हाय ते. शेजारच्या बांधकामाची क्रेन हुबी हाय, टोक आपल्या पॅडवर आलाय. सकालीच ऑफिसला कलवलाय मी."

मी विचारलं, "मग लाल कपडा घेऊन तूच उभा होतास ना?"

"मी? मी त जेट्टीवर हाय, तिकडं नेटवर्क गावत न्हाय. पॅडवर कोन पन न्हाय साहेब, गेटला कुलूप हाय."

मी शेठकडे गेलो. तो माणूस कसा होता, विचारलं. "उमरवाला था. चश्मा माथे पे चढाया हुआ." भाऊ चष्मा कायम कपाळावर ठेवायचे. शेठनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, आणि मी तोवर त्यांच्याबद्दल अवाक्षर काढलेलं नव्हतं. माझ्या मोबाइलमध्ये भाऊंचा फोटो होता. तुम्ही म्हणाल, दाखवायचा की! नाही झाली हिंमत.

मॅनेजरला क्रेनबद्दल विचारलं. तर म्हणतो, "फोन आला असेल, गडबडीत राहिलं सांगायचं." राहिलं! तीन जीव आणि हा म्हणतो राहिलं. मी तोंडाला येईल ते बोललो आणि तिथल्या तिथे राजीनामा टेबलावर आपटला. शेठना मात्र कंपनीकडून पुष्पगुच्छ गेला, 'आपली सुरक्षितता हेच आमचं ध्येय' अशा चिठ्ठीसकट. नोंद झाली की हेलिकॉप्टर क्लायंटच्या विनंतीवरून परत आलं. परत फिरल्याचा खुलासा कोणी मागितला नाही, असं माझ्या नोकरीत पहिल्यांदा घडलं.

बरेच दिवस मी भाऊंवरच रागावून होतो. मी त्यांचा चेला. त्यांच्या तेराव्याला रेवसला जाऊन लहान मुलासारखा रडलेलो. आणि हा माणूस दिसला कोणाला, तर एका अनोळखी शेठला?

ढगातून, तेवढ्या उंचीवरून शेठना कपाळावरचा चष्मा कसा दिसला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा. पण भाऊ मला का दिसले नाहीत, ते कळायला मला कोणाची गरज नाही. मी एकट्याने पाहिलं असतं तर मी परत फिरलो असतो, खुलासा लिहीत बसलो असतो, आणि त्याच दुपारी मॅनेजरने दुसऱ्या पायलटला त्या क्रेनवर पाठवलं असतं. भाऊंनी हा धंदा जन्मभर केला होता. कोणाचं ऐकलं जातं, ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.