मागचं स्प्रॉकेट

रविवार होऊन तीन दिवस झाले, तरी डोकं शांत होत नाहीये... म्हणून लिहितेय.

वडस्याला बंदिस्त ट्रॅकवर दोनशे मीटरची बाईक ड्रॅग रेस होती, दोन-दोन गाड्या सरळ रेषेत, हरेल तो बाहेर. मी ब्रह्मपुरीहून गेले. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते, गिअर रेशो हा माझा रोजचा धडा.

माझी दीडशे सीसीची गाडी दोनशे मीटरमध्ये चौथ्या गिअरच्या मधेच असते, पाचवा लागतच नाही. मग टॉप स्पीड घेऊन करू काय? म्हणून मागच्या चाकाचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र, बेचाळीस दातांऐवजी पंचेचाळीसचं गॅरेजमध्ये बसवायला दिलं... टॉप स्पीड थोडा कमी, पण उठाव जास्त. आणि महिनाभर सराव करून ठरवलं, गिअर नऊ हजार आरपीएमलाच बदलायचा. आधी बदलला तर गाडी मरते, नंतर नुसती ओरडते.

सकाळच्या प्रॅक्टिसला शेवटच्या रेषेवर आरपीएमचा काटा जुन्याच आकड्यावर, नवीन स्प्रॉकेटने तो वर जायला हवा होता. मला शंका आली. खाली बसून ग्रीसमध्ये बोट घालत एकेक दात मोजला... बेचाळीस.

गॅरेजवाले भाऊ शेजारीच उभे होते.

"तुमच्या दादानं फोन केला होता, ताई. जुनंच राहू द्या म्हणे. गाडी समोरून उचलली तं बहीण पडन म्हणे."

"गाडी कोनाची हाय, भाऊ?"

नवीन स्प्रॉकेट त्यांच्या टूलबॉक्समध्ये होतं, कागदातून काढलेलंसुद्धा नव्हतं. मी पाना मागितला आणि स्वतः बसवलं. रागाच्या भरात नट दोनदा खाली पाडला.

तेवढ्यात दादा आला. माझा सख्खा मोठा भाऊ.

"तुले लागलं असतं म्हणून केलं."

"मंग मले विचारलं काऊन नाई?"

मी हेल्मेट घातलं.

पुढचं चाक काही उचललं नाही. नऊ हजारला दुसरा, नऊ हजारला तिसरा, चौथा... रेषेवर गाडी पूर्ण ताकदीत. दोन फेऱ्या जिंकले, तिसरीत चाकाभराने हरले. त्या हरण्याचं मला काही वाटलं नाही, समोरचा खरंच चांगला होता.

संध्याकाळी दादा म्हणाला, "पुढच्या वेळी विचारीन."

मी म्हटलं, "इचारू नको. मी सांगन, ते आयक."

त्याचा माझ्यावर जीव आहे, हे मला कळतं. पण मी दात मोजले नसते तर ते जुनं स्प्रॉकेट घेऊनच रेसला उभी राहिले असते... पहिल्याच फेरीत हरले असते, आणि सगळे म्हणाले असते, बाईला गिअर टाकता येत नाही. दादाही तेच म्हणाला असता.